काकांची जीप, दोन कयाक आणि कालावलची खाडी

पुण्याहून जुन्या जीपवर कयाक लादून मालवणच्या खाड्यांत वल्हवायला जायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांच्यासाठी या नोंदी. आम्ही तयारीला लागलो तेव्हा ही माहिती एका जागी मिळाली नव्हती. खर्च, वाया गेलेला वेळ आणि चुका जशा झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

२ डिसेंबर २०२३, शनिवार

गाडी मावसभावाची, म्हणजे खरं तर काकांची. महिंद्रा एमएम ५४०, १९९२ची. प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, चार गिअर, वर कापडी हूड. काका गेल्यापासून तीन वर्षं ती जवळजवळ उभीच होती. विकायचं मावशीच्या मनात नाही, आमच्याही नाही. पासिंग नव्याने करून घेतलं आहे, त्यामुळे कागदांची चिंता नाही.

आज फक्त चालू करून बघितली. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चारपैकी दोन हीटर, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग, मेलेले निघाले. या इंजिनाला थंडीत हीटर लागतातच; दोन हीटरवर सेल्फ मारत बसलं तर बॅटरी संपते आणि दोष बॅटरीला जातो. चारही बदलले, १६०० रुपये. बॅटरीही सहा वर्षांची होती, ती नवी घेतली, ५५०० रुपये. तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. मावशी बाल्कनीत येऊन आवाज ऐकत उभी राहिली होती.

९ डिसेंबर, शनिवार

कयाक घेतल्या. दोन माणसांच्या, वर बसायच्या, जाड प्लास्टिकच्या, साधारण बारा फूट लांब. एका रिसॉर्टमधून जुन्या मिळाल्या, दोन्ही मिळून ३४ हजार, चार वल्ही धरून. एकेकीचं वजन तीस किलोच्या पुढे. दोघांशिवाय उचलायच्या भानगडीत पडू नका. मी एकट्याने उचलली आणि तीन दिवस पाठ धरली.

सासवडजवळ मित्राच्या शेततळ्यात उतरवून बघितल्या. निळी कयाक वीस मिनिटांत जड झाली. तळाशी पाणी निघून जायला जी आरपार भोकं असतात, त्यातल्या एकाच्या कडेला बोटभर चीर होती. आणखी एक सांगायचं म्हणजे, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा असतो आणि उतारावर धरायला काही नसतं. वर खुंट्याला दोर बांधून तो पाण्यात सोडल्याशिवाय उतरू नका, पट्टीचा पोहणारा सोबत असला तरी.

१६ डिसेंबर, शनिवार

चीर बुजवायला एम-सील लावलं. वरून गुळगुळीत, दगडासारखं घट्ट. तळ्यात उतरवल्यावर अर्ध्या तासात पापडासारखं सुटून हातात आलं. मग अराल्डाइट लावून चोवीस तास ठेवलं. तेही गेलं. कयाक पॉलिथिलीनची असते आणि पॉलिथिलीनला असली कुठलीच चिकट वस्तू धरत नाही, हे दोन शनिवार आणि चारशे रुपये घालवल्यावर कळलं.

२३ डिसेंबर, शनिवार

उपाय शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर सापडला. पाण्याच्या काळ्या टाक्या फुटल्या की जागेवर येऊन वेल्डिंग करणारा माणूस असतो. टाकीही त्याच जातीच्या प्लास्टिकची. त्याने आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग कडा व्ही आकारात खरवडून काढल्या आणि गरम हवेच्या पिस्तुलाने प्लास्टिकची कांडी वितळवत भरली. कांडी त्याच प्लास्टिकची हवी, असं त्याने तीनदा बजावलं. आत पाणी भरून रात्रभर ठेवली, एक थेंब आला नाही. दुसऱ्या कयाकच्या दोन बारीक ओरखड्यांसह १२०० रुपये. या सगळ्या तयारीत सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच.

६ जानेवारी २०२४, शनिवार

कॅरिअर. कापडी हुडाच्या जीपला वर बांधायला काहीच आधार नसतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून सव्वा इंची चौकोनी पाइपची चौकट करून घेतली: मागे दोन खांब बॉडीच्या कोपऱ्यांना, पुढे दोन खांब बंपरवरून वर, मध्ये दोन आडवे बार. बारांवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. मजुरीसकट ६२०० रुपये. कयाक पालथ्या, शेजारी शेजारी.

बांधायचा अनुभव असा. नायलॉनची दोरी पहिल्या दहा किलोमीटरांत सैल पडते. लवचीक हुकाच्या दोऱ्या या वजनाला अजिबात नकोत. त्या ताणतात, धरत नाहीत. शेवटी बकलचे रुंद पट्टे आणले, चार नग, १८०० रुपये. पट्टा सपाट ताणला की वाऱ्याने घुमतो, त्याला एक पीळ दिला की आवाज बंद होतो. आणि उन्हात प्लास्टिक मऊ पडतं, तेव्हा पट्टा जीव खाऊन आवळायचा नाही, नाहीतर तळाला खळगा पडतो. पुढचं टोक बंपरला आणि मागचं हुकाला बांधायला मात्र साधा दोर आणि ट्रकवाल्यांची गाठ, तिला तोड नाही.

१४ जानेवारी, रविवार

चाचणी फेरी. पहाटे पाचला दिवे घाट चढून सासवडपर्यंत आणि परत. तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही, पट्टे हलले नाहीत. आम्ही गाडी पास केली.

ही चाचणी चुकीची होती. थंडीत, पहाटे, गाडीत दोनच माणसं, सामान नाही. चाचणी घ्यायची तर दुपारी, पूर्ण वजनासह घ्या. ब्रेक ऑइल बदलायचं यादीत होतं, ६०० रुपयांचं काम. पेडल कडक लागतंय म्हणून पुढे ढकललं. रेडिएटरकडे कुणी बघितलंच नाही.

२६ जानेवारी, शुक्रवार

चारला निघायचं ठरलं होतं, बांधाबांधीत पावणेसहा झाले. पुण्याहून चौघं: मी, मावसभाऊ, पोहणारा मित्र आणि हिशेब ठेवणारी मैत्रीण. पाचवा कोल्हापुरात चढणार.

खंबाटकी घाटात तेव्हा साताऱ्याकडे जाणारी वाहतूक चढावरून जात होती. बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांना होता. अर्धा घाट चढलो आणि काटा लाल रेघेला टेकला. डावीकडे घेतली. बॉनेट उघडायला गेलो तर उघडेना. कयाकचे पुढचे दोर बंपरला बांधलेले, ते सोडल्याशिवाय बॉनेट सुटत नाही. दोर सोडले, तर बॉनेट चार बोटं उचललं जाऊन कयाकच्या नाकाला अडकलं. जीपचं बॉनेट काचेकडे उलटतं आणि आम्ही कयाक नेमकी त्याच्यावर आणून ठेवली होती. तापलेली गाडी रस्त्याच्या कडेला, आणि आम्ही चौघं पट्टे सोडून कयाक दीड फूट मागे सरकवतोय. बाजूने ट्रक जात होते. ही चूक जिवावर बेतू शकली असती. चौकट करून घेतानाच कयाक चढवून बॉनेट पूर्ण उघडून बघायचं होतं.

रेडिएटरचं झाकण चाळीस मिनिटं उघडलं नाही. मग ओलं फडकं टाकून आधी थोडंसं फिरवून वाफ सोडली, इंजिन चालू ठेवून हळूहळू साडेतीन लिटर पाणी घातलं. एकूण गेलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं.

कराडपुढे रुंदीकरणाची कामं आणि वळणरस्ते. कोल्हापूरला पोचेपर्यंत दीड वाजला. सुट्टीमुळे रेडिएटरवाले बंद. कोल्हापूरकर मित्राच्या ओळखीचा एक मिस्त्री मात्र घरातून उठून आला. इंजिन गरम असताना पंखा थांबवून त्याने रेडिएटरच्या जाळीवर सगळीकडे हात टेकवत नेला. कडेला चटका, मध्ये गार. ‘‘मधल्या नळ्या चोंदल्यात, भावा. खोलून सळई मारल्याशिवाय भागायचं नाही, आणि ते आज हुईत नाही.’’ त्याने पंख्याचा ढिला पट्टा ताणला, झाकणाची स्प्रिंग मेली होती म्हणून झाकण बदललं. १८० रुपये झाकणाचे घेतले, मजुरी घेतली नाही. ही हात फिरवायची परीक्षा घरच्या घरी पाच मिनिटांत होते. पंखा मात्र पूर्ण थांबलेला हवा.

राधानगरी, दाजीपूर, आणि संध्याकाळी साडेपाचला फोंडा घाट. चढायला ज्या गिअरची गरज पडेल त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे काका नेहमी सांगत. मावसभाऊ मात्र वेळ भरून काढायला तिसऱ्यात उतरत होता. काही वळणांनंतर जळका वास आला आणि पेडल स्पंजासारखं मऊ झालं. चारही चाकांना ड्रम, पाच माणसं, सामान, वर दोन कयाक आणि आत जुनं ऑइल. जुन्या ऑइलमध्ये हवेतला ओलावा मुरलेला असतो, तापलं की त्याची वाफ होते आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. चाकांना दगड लावून अर्धा तास थांबलो. उरलेला घाट दुसऱ्यात, कुणी एक शब्द बोललं नाही.

मालवणला सव्वानऊ. संध्याकाळी कोळंबच्या खाडीत उतरायचं होतं, ते राहिलं.

२७ जानेवारी, शनिवार

आजचा बेत कालावलच्या खाडीचा. मालवण-आचरा रस्त्यावरच्या पुलाखालून उतरायचं, भरतीबरोबर गड नदीत वर जायचं आणि मसुऱ्याच्या बाजूला भरतगडाखाली बाहेर पडायचं. मावसभाऊ जीप घेऊन रस्त्याने मसुऱ्याला येणार. चिपळूणची वाशिष्ठी किंवा महाडची सावित्री आम्ही मुद्दाम टाळली, तिथे मगरी आहेत.

भरतीचा हिशेब आजीच्या पद्धतीने केला होता: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आज वद्य द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती पुरी आणि सकाळी सव्वासातला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. पुलाखाली होडीला रंग लावणाऱ्या आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘ह्या तुमचा गणित मुंबैचा. हय पाणी तासभर आदीच फिरता. आणि अकराक वारो सुटतलो, त्याच्या आदी वर पोचा.’’ दोन्ही गोष्टी मिनिटांच्या फरकाने खऱ्या ठरल्या. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, मालवणला ती मुंबईच्या आधी पोचते. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघणाऱ्यांनी मुंबईचं नाही, जवळच्या बंदराचं बघावं.

साडेआठला उतरलो. चिखल पोटऱ्यांपर्यंत, खाली कालवांच्या धारदार शिंपा. चप्पल चिखलात राहते. घट्ट बांधलेले जुने बूटच हवेत. मैत्रिणीने बूट घातले नव्हते, तिच्या टाचेला लांब काप गेला. पट्टी बांधून तीही बसलीच.

पुढचे दोन तास ज्यासाठी दोन महिने खपलो तेच होते. भरतीचं पाणी मागून ढकलत होतं, दोन्ही काठांना कांदळवन, वर ब्राह्मणी घारी. खाडीतली बेटं, इथे त्यांना जुवे म्हणतात. माडांच्या सावलीत घरं, धक्क्याला बांधलेली होडी, आणि काठावरून ‘‘खय चललात?’’ विचारणारी माणसं. मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट दिसले की लांबून वळसा घेतला. जाळं फाटलं तर एखाद्या घराचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. अकराला दहा मिनिटं कमी असताना भरतगडाखालच्या काठाला लागलो. पलीकडच्या तीरावर भगवंतगडाची टेकडी. अंतर साडेसात किलोमीटर भरलं.

जीप नव्हती. फोन लागत नव्हता.

सव्वाबारापर्यंत थांबलो. मग मी म्हणालो, आता पाणी फिरेल, सुकतीबरोबर पुलापर्यंत परत जाऊ. निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. पाणी समुद्राकडे निघालेलं आणि वारा समुद्राकडून आत येतोय, अशा वेळी लाटा उभ्या राहतात. अरुंद भागात हे जाणवलं नाही. पात्र रुंद झालं तसं पाणी तुटक, टोकदार झालं, आणि कयाकचं नाक वाऱ्याने सारखं फिरायला लागलं. दीड किलोमीटरवर निळी कयाक आडवी झाली आणि उलटली. पोहणारा आणि कोल्हापूरकर दोघंही पाण्यात.

लाइफ जॅकेट दोघांच्याही अंगात आणि बकल लावलेलं होतं, एवढंच सुदैव. कयाक सुलटी करणं सोपं गेलं, चढणं नाही. पहिल्या वेळी दोघं एकाच बाजूने चढायला गेले आणि ती पुन्हा उलटली. एकाने पलीकडून धरायची, दुसऱ्याने पोटावर आडवं होऊन चढायचं, हे शेततळ्यात एकदा तरी करून बघायला हवं होतं. एक वल्हं वाहत गेलं, ते वाळूच्या होडीवरच्या माणसांनी पकडलं. त्यांनीच दोन्ही कयाक दोरीने ओढून पुन्हा मसुऱ्याच्या काठाला आणून सोडल्या. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, पाण्याच्या बाटल्या मात्र मागून घेतल्या. पोहणारा मित्र काठावर बसून बराच वेळ काही बोलला नाही. मीही.

तीन वाजून पाच मिनिटांनी जीप आली. मावसभावाच्या शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला डिझेलचा कॅन, त्यातून निघालेली नळी बॉनेटखाली.

त्याचं असं झालं होतं. आम्हाला सोडून त्याने टपरीवर चहा घेतला. गाडी चढावर, नाक वर करून लावलेली. निघाला, चार किलोमीटर गेला, आणि गाडी आचके देत बंद पडली. त्याला वाटलं फिल्टर चोंदला. सोबत नेलेला ४५० रुपयांचा नवा फिल्टर बसवला, हातपंपाने हवा काढली, गाडी सुरू झाली आणि दोन मिनिटांत पुन्हा मेली. हे तीनदा. एका रिक्षावाल्या दादांनी थांबून टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपावरून बोट फिरवलं. वाकण्याच्या जागी बारीक भेगा होत्या. तिथून डिझेल गळत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पंप ज्यातून डिझेल ओढून घेतो तो पाइप फुटला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. चढावर लावल्यामुळे पाइपातलं डिझेल टाकीत मागे उतरलं आणि हवेला वाट मिळाली. दादांनी घरून कॅन आणला, पंपापेक्षा उंच बांधला आणि नळी थेट जोडून दिली. टाकी आणि पाइप दोन्ही वगळले.

त्या चार तासांत तो आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता. आम्ही कुठे आहोत ते त्याला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायचं तेही ठरलेलं नव्हतं. जीप वेळेवर येईल हे आम्ही गृहीत धरलं होतं, आणि सगळा बेत त्यावर उभा होता. आता आमचा नियम ठरला आहे: उतरण्याआधी गाडीवाल्याकडे आणि वल्हवणाऱ्यांकडे एकच कागद, त्यावर थांबायची जागा, शेवटची वेळ आणि एका स्थानिक रिक्षावाल्याचा नंबर. गाडी आली नाही तर जिथे बाहेर पडलो तिथेच बसायचं. पाण्यात परत उतरायचं नाही.

२८ जानेवारी, रविवार

सकाळी आठ मिलीमीटरचा दोन मीटर पाइप, चार क्लिपा आणि तांब्याचे नवे वायसर, मिळून ३८० रुपये. जोडताना मध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली. ही युक्ती मालवणच्या मिस्त्रीची: बुडबुडे दिसले तर हवा अजून मागून येतेय, नाही दिसले तर दोष पुढे शोधायचा. बुडबुडे नव्हते. खात्री झाल्यावर ती नळी काढून टाकली, उष्णतेला ती टिकत नाही.

पाइप आणि मिस्त्री यांत नऊ वाजले. देवबागला कर्ली नदीत तासभर वल्हवलं, काठाकाठाने, साडेदहाला बाहेर. संगमाच्या तोंडाकडे गेलो नाही. कालच्यानंतर कुणी आग्रहही केला नाही.

परतीला मुद्दाम संध्याकाळी निघालो. फोंडा घाट रात्री थंड हवेत चढलो, काटा लाल रेघेच्या दोन बोटं खालीच राहिला. सोमवारी पहाटे साडेपाचला पुणे.

१० फेब्रुवारी, शनिवार

रेडिएटर खोलून सळई मारून घेतली, २८०० रुपये. मधल्या नळ्यांतून निघालेला गंज वाटीभर होता. ब्रेक ऑइल पूर्ण बदललं, मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडरही पाझरत होता, तो बदलला. दोन्ही मिळून १९०० रुपये. ब्रेकचं काम पुढे ढकलायचं नसतं, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

मैत्रिणीच्या वहीतला प्रवासाचा हिशेब: ८२० किलोमीटर, ७४ लिटर डिझेल, साधारण ६८०० रुपये. टोल, राहणं, जेवण धरून माणशी ४१०० च्या आसपास. पाण्यात काढलेला वेळ दोन दिवसांत मिळून सहा तासांहून कमी.

१७ फेब्रुवारी, शनिवार

चौकट फॅब्रिकेशनवाल्याकडे परत नेली. पुढचे खांब बंपरवरून काढून काचेच्या चौकटीमागे घेतले, बार सात इंच उंचावले. ९०० रुपये. दुकानासमोरच दोन्ही कयाक चढवून, पट्टे आवळून, पुढचे दोर बांधून बॉनेट उघडलं. दोर आता दोन्ही बाजूंच्या मडगार्डखालच्या कड्यांना जातात, मध्ये काही येत नाही. बॉनेट पूर्ण उलटून काचेला टेकलं. मावसभावाने रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी बघितलं, परत लावलं. एक मिनिट दहा सेकंद.

८ मार्चला महाशिवरात्रीचा शुक्रवार, रविवारी अमावास्या. उधाणाचे दिवस, भरती सकाळीच. पुढच्या शनिवारी शेततळ्यात उलटून चढायचा सराव ठेवला आहे, पाचही जणांनी यायचं आहे. मैत्रिणीने बूट घेतले.